बिननाड्यांचे बूट

चहा सांडला.

नखं कापलेली असावीत. केस ओले करून मागे बसवलेले असावेत. बुटांना पॉलिश असावं आणि नाड्यांचे दोन्ही कान सारख्या लांबीचे असावेत.

दूध उतू जाताना माझी बायको गॅसकडे धावते. मी मागे सरकतो आणि उजवा पाय झाडतो.

लोखंडाचा रस ओल्या जमिनीवर पडला तर उडतो, कोरड्या जमिनीवर पडला तर पळतो. उडो नाहीतर पळो, येतो माणसाकडेच.

मुलगी शाळेत जायची तेव्हा घराची किल्ली तिच्या गळ्यात असायची, काळ्या नाडीत ओवलेली.

माझ्या ओळखीचा एक बूट आहे. त्याचा पुढचा अर्धा भाग कापसाने भरलेला असतो.

पावाच्या कारखान्यात सगळे पांढरे कपडे घालतात. पांढऱ्यावर पीठ दिसत नाही. म्हणजे कोण राबलं आणि कोण नुसतं उभं राहिलं, हे कपड्यांवरून कळायला मार्ग नाही.

तर चहा सांडला. पावाच्या कारखान्यासमोरच्या टपरीवर मी वेळेआधी येऊन उभा होतो. अंगात जावयाचा पांढरा शर्ट, पूर्ण बाह्यांचा, त्या गुळगुळीत कापडाचा, जे ठिणगी पडली तर जळत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. जन्मात असलं कापड मी अंगाला लावलेलं नव्हतं आणि सकाळपासून माझी पाठ त्या शर्टापासून चार बोटं पुढे चालत होती. पायात मुलीने आणलेले नवे काळे बूट. त्यांच्या नाड्या तिने दारात गुडघ्यांवर बसून स्वतः बांधल्या होत्या, वर एक जादा गाठ मारली होती आणि बुटाच्या नाकावर टिचकी मारून म्हणाली होती, "हं. आता कसे साहेब दिसता." शेजारी कानाला फोन लावलेला एक माणूस उभा होता. तो वळला, त्याचं कोपर वळलं, कप कलंडला, आणि चहाचे चार थेंब माझ्या उजव्या बुटावर पडले. दुधाचा चहा. कातड्यातून आत उबसुद्धा पोचली नाही. पण माझ्या पायाला ते कोण सांगणार? पाय माझ्या आधी शिकलेला आहे. त्याने जे इतकी वर्षं केलं तेच केलं: टाच उचलली, गुडघ्यातून एक झटका दिला, बूट लांब उडवून द्यायला. आणि बूट उडाला नाही. पाय आतच राहिला. मी पुन्हा झटका दिला, पुन्हा, मग दोन्ही हातांनी टपरीचा खांब धरून घोड्यासारखा पाय झाडत राहिलो. बूट बंद होता. "अहो काका, चहाच आहे हो, ॲसिड नाही," फोनवाला म्हणाला. टपरीवाला म्हणाला, "सकाळी सकाळी नाच सुरू?" चारदोन माणसं हसली. हसणारच. मीही त्यांच्या जागी हसलो असतो. मी शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि गाठ सोडायला लागलो. ती सुटेना. मुलीने मायेने मारलेली गाठ होती, ती काय अशी सुटते? शेवटी टपरीवाल्याकडून दुधाची पिशवी कापायची कात्री घेतली, गाठ तेवढी कापली आणि एकेका भोकातून नाडी ओढून काढली, आधी उजवी, मग डावी. खिशात कोंबली. उभा राहिलो. बूट सैल झाले, पाय आत हलला. तेव्हा कुठे मला श्वास आला.

तुम्ही फाउंड्रीत काम केलेलं नसेल. बहुतेकांनी नसतं. तिथे लोखंड वितळवतात आणि काळ्या वाळूच्या साच्यात ओततात. मोठ्या कामाला यारी असते, म्हणजे क्रेन, छोट्या कामाला माणसं. लांब दांडा, मध्ये कडं, कड्यात रसाने भरलेली बादली, दांड्याच्या दोन टोकांना दोघं. मी आणि माझा जोडीदार. त्याचं नाव जोडीदारच पडलं, कारखान्यात आणि घरीही, त्याची बायकोसुद्धा फोनवर "जोडीदार आहेत का?" असं मला विचारायची, जणू तो आधी माझा होता. पहिल्या दिवशी मी स्टोअरमधून मिळालेले बूट घालून, नाड्या आवळून, मोठ्या ऐटीत आत गेलो. त्याने मला एका पेटीवर बसवलं, माझ्यापुढे उकिडवा बसला आणि दोन्ही नाड्या उपटून काढल्या. "बूट म्हणजे दार आहे," तो म्हणाला. "आग आत आली की पाय बाहेर. कडी लावून बसलास तर मेलास." आणि पॅन्टचे पाय बुटावरून खाली सोड, आत खोचू नकोस. आणि दुमड घालू नकोस, दुमडीत ठिणग्या घर करतात. आणि हे खिशाचं तोंड शिवून टाक. आमच्याकडे कपडे कसे घालायचे याचा तास असा, पेटीवर, दोन मिनिटांचा आणि आयुष्यभराचा. कंपनी दरवर्षी नवे बूट द्यायची, नाड्यांसकट. बूट कुठल्या तरी दुसऱ्या गावात बनायचे, त्यांना काय ठाऊक ते कुणाच्या पायात जाणार. नाड्या आम्ही घरी न्यायचो. माझ्या घरात त्या कुठे नव्हत्या ते विचारा. कपाटाचं न लागणारं दार नाडीने बांधलेलं. वाळत टाकायची दोरी म्हणजे नाड्यांना जोडलेल्या नाड्या. खिडकीतल्या टोमॅटोचं झाड काठीला नाडीने, पोरीची वेणी नाडीने, बायकोच्या चष्म्याची काडी, रद्दीचे गठ्ठे, माझ्या डब्याचं झाकण. बायको म्हणायची, "तुमचे बूट सोडून या घरातली एकूण एक वस्तू बांधलेली आहे."

(ती जागा मला मिळाली नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत तुम्ही त्याचीच वाट बघत बसाल आणि मी काय म्हणतोय तिकडे लक्ष राहणार नाही.)

फाउंड्री बंद झाली. तिथे आता कुंपण आहे. बंद झाली त्या दिवशी आम्ही सगळे फाटकापाशी उगाच घुटमळत होतो, कुणाला पहिल्यांदा पाठ फिरवायची नव्हती. वरच्या ऑफिसातला म्हातारा शिपाई माझ्याजवळ आला आणि त्याने मला जोडीदाराची एक गोष्ट सांगितली. जुनी गोष्ट. मला ती ठाऊक आहे, हे मी जोडीदाराला आजवर कळू दिलेलं नाही. मग घरी बसणं सुरू झालं. बायको धुलाईच्या दुकानात इस्त्रीला जाते, ती जायची आणि मी खिडकीतल्या टोमॅटोसमोर. माझ्या वयाच्या माणसाला कुणी बोलावत नाही. रोजगार कचेरीने आमच्यासारख्यांसाठी एक वर्ग काढला होता, मुलाखतीला कसं जावं याचा. मुलीने माझं नाव तिथे घातलं. एका शाळेत भरायचा. बाक लहान मुलांचे. भलेथोरले गडी, कुणी सुतार, कुणी रंगारी, कुणी क्रेनवाला, गुडघे छातीशी घेऊन बसायचे. शिकवणाऱ्या बाईंचं नाव आम्ही टापटीप बाई ठेवलं होतं. वाईट नव्हत्या. कुणाला हसल्या नाहीत, कुणाला 'अरे' म्हणाल्या नाहीत. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की माणूस आधी दिसतो आणि मग बोलतो, आणि दिसण्यातच निकाल लागून जातो. "तुम्ही हाताने काम करणारी माणसं," त्या म्हणायच्या, "म्हणजे हात बघणार. नखं बघणार. कॉलर बघणार. बूट बघणार. कामाचे कपडे घालून जायचं नाही आणि लग्नाचे पण घालून जायचं नाही." सुताराने विचारलं, "बाई, मधले कुठले घालायचे? आमच्याकडे दोनच असतात." त्या हसल्या नाहीत, विचारात पडल्या, म्हणून म्हणतो, वाईट नव्हत्या. एकदा त्या बाकांमधून चालत माझ्यापाशी थांबल्या. "तुमच्या बुटांना नाड्या नाहीत."

"नाहीत."

"हरवल्या?"

"सवय आहे."

"मुलाखतीला मात्र बांधा हं. उघडा बूट म्हणजे आळशी माणूस, असं वाटतं समोरच्याला."

मागून रंगारी म्हणाला, "बाई, पायजम्याची बांधतो हे काय कमी आहे?" सगळा वर्ग खो खो हसला, बाईसुद्धा. मीही हसलो. पण 'आळशी' हा शब्द घरी येईपर्यंत माझ्या बुटात खड्यासारखा टोचत राहिला. आळशी. मी बादली धरून ज्या वेगाने चालायचो त्या वेगाला नाव नव्हतं. पळायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही, दोघांची पावलं उलटसुलट, त्याचं डावं तर माझं उजवं, म्हणजे बादली झुलत नाही. त्या चालीत कुणी बूट फरफटत नाही. बोटं आतून बुटाला धरून ठेवतात. माझ्या पायाची बोटं अजून वाकडी आहेत, पक्ष्यासारखी, चादरीलासुद्धा धरून झोपतात. नाडीचं काम माझी बोटं करतात, इतकंच. हे मी बाईंना सांगू शकलो असतो. मग प्रश्न आला असता, की एवढी उस्तवार कशाला? आणि तिथे मी नेहमी थांबतो.

मग पावाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. पावाच्या ट्रेंनी भरलेल्या ढकलगाड्या भट्टीत सारायच्या आणि बाहेर काढायच्या. "बघा, तिथेही भट्टीच आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "लोखंडाऐवजी पाव, एवढाच फरक." तिने कुणाकुणाला सांगून, रदबदली करून ते जमवलं होतं. ते मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. दारात नाड्या बांधताना ती खाली मान घालून म्हणाली, "एक दिवस, बाबा. एकच दिवस बांधा. मग पुन्हा तुमचं राज्य." तिचा भांग मला वरून दिसत होता. तिला नाडी बांधायला मी शिकवलेलं नाही. तिच्या आईने शिकवलं. मला दोन कानांची गाठ नीट येतच नाही. तिच्या हाताखाली पाय पुढे करून मी उभा होतो आणि नाडी आवळली जाताना, एकेका भोकाला, मला कुणीतरी आतून दारं लावत चाललंय असं वाटत होतं.

कारखान्याची मुलाखतीची खोली थंड होती. एका भिंतीला काच, काचेपलीकडे पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, आणि पट्ट्यावरून पाव चाललेले, एकामागे एक, शाळा सुटल्यासारखे. टेबलामागे मॅनेजर, पोट सुटलेला, दमलेला, सभ्य माणूस. आणि भरतीच्या बाई, तरुण, हातात पेन. माझी नखं पाहिली. नखं कापलेली होती. पण काळी वाळू नखात नसते, बोटांच्या रेषांत असते आणि ती माझ्याबरोबरच जाईल. मॅनेजर म्हणाला, "धुतले तरी जात नाही ना? माझ्या वडिलांचे असेच होते. ते छापखान्यात होते." म्हणजे माणूस बरा होता. कुठे काम केलं, किती वजन उचलता, रात्रपाळी चालेल का, उष्णता चालेल का. उष्णता! मी म्हणालो, "चालेल." तो हसला. सगळं नीट चाललं होतं, आणि बाईंचं पेन थांबलं. त्या टेबलाच्या खाली बघत होत्या.

"काका, बुटाला नाड्या नाहीत तुमच्या?"

"आहेत."

"कुठे?"

"खिशात."

मॅनेजरला हसू आवरेना. "खिशात थंडी वाजते का त्यांना?"

मी खिशातून त्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. काळ्या, नव्या, मधे कापलेल्या. टेबलावर त्या फार बारीक दिसल्या.

"कापल्यात की," बाई म्हणाल्या. "काय झालं?"

आणि मग ती गोष्ट माझ्या तोंडात आली. चांगली गोष्ट आहे. मला ठाऊक आहे, ती चांगली आहे. तिला सुरुवात आहे, मध्य आहे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे ओले होतील असा शेवट आहे. ती सांगितली असती तर मॅनेजरने वडिलांची आठवण काढून चष्मा पुसला असता, बाईंनी पेन खाली ठेवलं असतं आणि जागा माझी होती. म्हणूनच ती जिभेवर इतकी जड झाली. तुम्हाला सांगतो. तुमच्याकडे द्यायला जागा नाही, म्हणून सांगतो. जोडीदाराला फोरमनच्या मुलाखतीला वर बोलावलं होतं. दुपारची सुट्टी. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला सजवला. एकाने शर्ट दिला, एकाने कंगवा, भट्टीवाल्याने ओल्या फडक्याने मान पुसून काढली. बूट त्याने घरून आणले होते, तपकिरी, बारीक भोकांचे, नाड्यांचे. नाड्या बांधून उभा राहिला तेव्हा आम्ही शिट्ट्या मारल्या. "लेको, खाली येईन तेव्हा सलाम ठोकायचा," म्हणाला आणि लोखंडी जिना चढून गेला. सुट्टी संपली. रस तयार झाला. रस कुणासाठी थांबत नाही, थंड होतो, अख्खी भट्टी फुकट जाते. मी दांड्याचं माझं टोक धरून उभा होतो आणि दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. बदलीचा माणूस शोधायला कुणीतरी धावलं होतं. तेवढ्यात जोडीदार जिना उतरला. मी हाक मारली नव्हती. आमच्यात तशी रीत नव्हती. तो सरळ आला, बाह्या वर केल्या, दांडा उचलला. मी म्हणालो, "काय झालं रे वर?" तो म्हणाला, "चल, डावं." आम्ही चालू लागलो. ओतताना एक साचा कुठेतरी ओला निघाला. रस थुंकला. एक गोळा, सुपारीएवढा, त्याच्या उजव्या बुटावर पडला आणि भोकांच्या रांगेतून, नाड्यांच्या मधून, आत गेला. त्याने पाय झाडला. मी पाहिलं. टाच उचलली, गुडघ्यातून झटका दिला, जसा आम्ही सगळे देतो. बूट उडाला नाही. त्याने पुन्हा झाडला. आणि त्या सगळ्या वेळात त्याचे हात दांड्यावर होते. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. त्याने सोडला असता तर बादली माझ्याकडे कलंडली असती. आम्ही आधी बादली खाली ठेवली. नीट ठेवली, जमिनीला टेकवून, हिंदकळू न देता. मग तो खाली बसला. मग आम्ही कात्री शोधली.

हे सगळं पावाच्या वासात माझ्या तोंडाशी आलं होतं. मी गिळलं. मी विचार केला, हे या टेबलावर ठेवायचं? माझ्या कापलेल्या नाड्यांच्या शेजारी? मुलाखतीला सजवून पाठवलेल्या माणसाचा पाय, दुसऱ्या मुलाखतीत, शर्ट-पॅन्टबरोबर घालून बसायचा? टापटीप बाईंनी नखांचं सांगितलं, कॉलरचं सांगितलं. दुसऱ्याचं दुखणं कसं बेताने घालावं हे त्यांच्या वर्गात नव्हतं, आणि असतं तरी मी घातलं नसतं. माझ्याकडे दोनच प्रकारचे कपडे आहेत.

"सांगणार नाही," मी म्हणालो.

बाई चिडल्या नाहीत. "हे बघा काका, आमच्याकडे फरशी धुतात, सतत ओली असते. सैल बूट घालून ढकलगाडी ढकललीत तर पडाल. आमचा नियमच आहे, नाड्या बांधलेल्या हव्यात."

"नियम बरोबर आहे."

"मग बांधाल ना?"

"नाही."

मॅनेजर पुढे वाकला. "अहो, काहीतरी कारण असेल ना? दुखापत, सूज, काही. सांगा म्हणजे मार्ग काढू. मला तुम्हाला घ्यायचंय."

"कारण आहे," मी म्हणालो. "पण ते माझं नाही."

काचेपलीकडे पाव चालले होते. मी उठलो, नाड्या तिथेच टेबलावर ठेवल्या आणि निघालो. बोटांनी बूट आतून घट्ट धरला होता. ओल्या फरशीवरून, त्यांच्या त्या नियमाच्या फरशीवरून, फाटकापर्यंत मी असा चाललो की दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी असतं तर बादली जराही झुलली नसती.

तिथून मी घरी गेलो नाही. जोडीदाराकडे गेलो. तो दुसऱ्या मजल्याच्या गच्चीत खुर्ची टाकून मटार सोलत बसला होता. उजवा बूट पायातून काढून शेजारी ठेवलेला, आतला कापूस उन्हात वाळत. मला जावयाच्या शर्टात बघून त्याने कपाळावर हात नेऊन सलाम ठोकला.

"काय साहेब? पाव आणला की नाही?"

मी बसलो, मटार सोलायला घेतला आणि चहापासून सगळं सांगितलं. पाय झाडला तिथे तो इतका हसला की मांडीवरचे दाणे उडाले. नाड्या कापल्या तिथे हसायचा थांबला. "सांगणार नाही" इथे आलो तेव्हा त्याने हातातली शेंग मला फेकून मारली.

"गाढवा! सांगायचं की! एवढा चांगला पाय, आजवर कुणाच्या उपयोगाला आला नाही. तुझ्या तरी आला असता."

"तुझा आहे तो."

"मग मी देतो म्हणतो ना. घे. जा, परत जा, सांग त्यांना."

आतून वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, रडवायचं होतं ना त्यांना. जन्मभर पाव फुकट आला असता दोन्ही घरांत."

"ऐक," जोडीदार म्हणाला, जरा हळू. "त्यात झाकायचं काय आहे? मी वर नापास झालो होतो. फोरमनगिरी आपल्या नशिबात नाही म्हणाले. डोकं फिरलं होतं. म्हणून बूट न बदलता तसाच येऊन दांडा उचलला. रागाचं काम. चूक माझी, बूट माझा, पाय माझा. तू कशाला मधे सोवळं पाळतोस?"

तो हे नेहमी असंच सांगतो. शब्द न् शब्द तोच. वहिनींनाही असंच सांगितलंय, डॉक्टरांनाही असंच सांगितलं होतं. सांगताना तो माझ्याकडे बघत नाही, शेंगेकडे बघतो, अंगठ्याने तिची शीर शोधतो. मी शिपायाचं नाव काढलं नाही. मी म्हणालो, "सोवळं नाही. मला पाव आवडत नाही."

"मग आधी सांगायचंस. पोरीचे कष्ट तरी वाचले असते." त्याने हसून दाण्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. कापूस वाळला होता. त्याने तो बोटांनी पिंजला, बुटात भरला, दाबून बसवला आणि बूट पायात घातला. नाडी नव्हती. तो बूट नाडीशिवायच असतो, कारखाना सुटून इतकी वर्षं झाली तरी, खाली कोपऱ्यावर सायकलस्टँडवर बसतो तिथेही. कुणी ना कुणी रोज त्याला सांगतं, काका, बुटाला नाडी नाही. तो म्हणतो, हो का?

घरी मुलगी आली होती. तिने दार उघडलं आणि तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी म्हणालो, "गाठ सुटली नाही गं. फार घट्ट मारली होतीस." ती वळली. आत गेली, आणि कपाटाच्या दाराची नाडी सोडून पुन्हा बांधत उभी राहिली, जी बरी बांधलेली होती. मग म्हणाली, "आईला मी सांगते. तुम्ही सांगू नका, तुम्ही भांडण लावता." मग आणखी थोड्या वेळाने, पाठमोरीच: "त्यांनी विचारलं असेल ना? का म्हणून?"

"विचारलं."

"मग?"

"नाही सांगितलं."

"मला सांगाल?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि गाठ आवळली.

त्यानंतरच्या वर्गाला मी पहिल्या बाकावर बसलो. कामाचा सुती शर्ट, ज्याला ठिणग्यांची बारीक भोकं आहेत, उजेडासमोर धरला तर चाळणी दिसते. कामाचे बूट. पाय लांब केले, बाकाच्या बाहेर, अगदी फळ्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्याला ओलांडावे लागतील असे. सुताराने डोळे मोठे केले. रंगारी म्हणाला, "आज काय, प्रदर्शन?" टापटीप बाई आल्या. नखांचं झालं, केसांचं झालं, कॉलरचं झालं. बुटांपाशी आल्या तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मी पाय मागे घेतले नाहीत. त्या खडू हातात धरून थांबल्या. मग म्हणाल्या, "बूट... ज्याचे त्याने बघावेत," आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला.

जोडीदार त्या दुपारी मुलाखतीत पास झाला होता. लोखंडी जिना उतरत होता तेव्हा तो फोरमन होता, आणि फोरमनला बादली उचलावी लागत नाही.